बाकावरचा पंप
ग्रीस लागलेल्या गोणपाटाचा वास आला की मला ती राजस्थानातली गाडी आठवते. चिंचवडच्या आमच्या कारखान्यातून, वाळवंटातल्या एका गावी विहिरीवर पंप बसवायला मी निघालो होतो. "धक्का लागू देऊ नको, राव," फोरमन म्हणाला होता. म्हणून गोणपाटात गुंडाळलेला पंप मी बाकावर शेजारी ठेवला. जोधपूरला चढलेल्या म्हाताऱ्याने जागा मागितली. "कंपनी का माल है," मी म्हणालो. तो दिवसभर दाराशी वाळू खात खाली बसला. दोन दिवसांनी पंप सुरू झाला, तेव्हा गर्दीतून तोच म्हातारा पुढे आला. पाण्याचा पहिला पेला त्याने मला दिला आणि खाट ओढत म्हणाला, "बैठो साब, थक गए होगे." अजून कुणी आग्रहाने बसा म्हटलं, की मला पटकन बसवत नाही.