मल्लिनाथ बसला होता

बातमी माझ्या आधी सोलापूरला पोचली होती. मोहिमेच्या प्रमुखांनी सॅटेलाइट फोनवरून मल्लिनाथच्या काकांना कळवलं, काकांनी त्याच्या आईला सांगितलं आणि दिवस मावळायच्या आत सात रस्त्याच्या चहाच्या गाड्यांवर तीच चर्चा सुरू होती, असं मला नंतर समजलं. मी तेव्हा बेस कॅम्पला तंबूत पडून होतो. बोटं काळीनिळी पडलेली, ओठ फाटलेले, कुणी नाव विचारलं तरी आठवून सांगावं लागेल अशी गत. मग घरी निघालो. आधी पायी, मग जीप, मग बस, मग दिल्लीहून रेल्वे... त्या प्रवासातलं फारसं काही आठवत नाही. माझ्याजवळ दोन सॅक होत्या, एक माझी आणि एक त्याची. मनमाडच्या पुढं समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, "एवढी दोन ओझी एकट्याचीच? बरोबर कोणी नाही का?" मी म्हटलं, "मागनं येतोय." खोटं बोलायचं मनात नव्हतं. खरं बोलायला अंगात त्राण नव्हतं, एवढंच.

मल्लिनाथ आणि मी कॉलेजपासूनचे. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं किराणा दुकान. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, आणि भांडण पेटलं की दोन्ही. मी नातेपुत्याकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराच्या घरातला. आता इथल्याच एका शाळेत खेळाचा मास्तर. सोलापूरच्या दोघांनी हिमालयाचा नाद धरावा, यावर गल्लीनं आमची मनसोक्त टिंगल केली. "बर्फ तर रसवंतीत मिळतोय की रं, तेवढ्यासाठी कशाला इतक्या लांब जाताय?" हे आम्ही इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं मल्लिनाथच ते लोकांच्या आधी म्हणायला लागला. जवळपास डोंगर नाही, म्हणून आम्ही दुकानाच्या वरच्या जिन्यावर सराव करायचो. पाठीवर तूरडाळीचं पोतं बांधायचं आणि मे महिन्यातल्या दुपारी गच्चीपर्यंत चढउतार करायची. मी मधल्या वळणावर टेकलो रे टेकलो की हा खालून ओरडायचा, "बसू नगं बिरू, बसू नगं!" आणि वर त्याचं व्याख्यान असायचं. "धंदा बसला, भिंत बसली, घसा बसला... आपल्या भाषेत बसलेलं कायतरी चांगलं असतंय का, सांग की!" दुकानदाराचा मुलगा तो. त्याला बसलेल्या धंद्याची धास्ती जास्त.

पुढं खऱ्या डोंगरावर गेल्यावर कळलं, की त्याची ही थट्टा तिथं कायदाच आहे. उंचावर, उतरताना, दमलेला माणूस एकदा खाली बसला की पुन्हा उठेल याची खात्री नसते. मग प्रत्येक मोहिमेत आमचा तोच मंत्र झाला. दोरावर एकमेकांच्या मागं चालताना मी पुढून म्हणायचो, तो मागून म्हणायचा. बसू नगं. आमच्याबरोबरचा शेर्पा दावासुद्धा आमच्याकडून शिकला आणि बरोब्बर सोलापुरी हेल काढून म्हणायला लागला.

यंदाच्या शिखराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. डोंगराचा काही दोष नव्हता. आम्ही माथ्यावर पोचलो, फोटो काढले, मल्लिनाथ हसला आणि म्हणाला, "चल, आता खरं काम सुरू." ते खरंच होतं. उतरताना वारा वाढला. अर्ध्या उतारावर तो मागं पडायला लागला. मी थांबायचो, तो यायचा, पुन्हा मागं पडायचा. एकदा वळून बघितलं तर एका खडकाला पाठ टेकून तो खाली बसत होता. घाईनं नव्हे. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर दुकानदार टेकतो ना, तसा सावकाश. मी ओरडलो, "बसू नगं! मल्ल्या, बसू नगं!" दावा माझ्या आधी त्याच्यापाशी पोचला. आम्ही त्याला काखेत धरून उठवायचा प्रयत्न केला, ऑक्सिजन लावला, नावानं हाका मारल्या, शिव्या दिल्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. ओळख होती त्या नजरेत. मग नव्हती. दावानं त्याच्या गळ्याशी हात लावून ठेवला, बराच वेळ लावून ठेवला, आणि मला म्हणाला, चल. त्याला खाली आणायची ताकद आमच्यापैकी कुणातच नव्हती, आणि पुढचे काही दिवस हवेनं कुणाला वर जाऊ दिलं नाही. तो तिथंच राहिला.

रेल्वेत मला एकच गोष्ट पोखरत होती. त्याच्या आईला काय सांगायचं? एका पेपरात 'झुंजता झुंजता कोसळला' असं छापून आलं होतं, कुणीतरी मला मोबाइलवर पाठवलं होतं. ते बरं वाटत होतं. कोसळला म्हटलं की माणूस शेवटपर्यंत उभा होता असं होतं. पण तो कोसळला नव्हता. तो बसला होता. आमच्या जगात त्याचा अर्थ हरला, सोडून दिलं. ज्यानं मला आयुष्यभर बसू दिलं नाही, तोच बसला, हे त्याच्या आईच्या तोंडावर कसं म्हणायचं? दौंड गेलं, कुर्डुवाडी गेली, माझं काही ठरेना. शेवटी ठरवलं, पेपरातलंच सांगू. त्या थकव्यात दुसरं काही सुचलं नाही.

दुकान बंद होतं. वरच्या घरात माणसं होती, पण रडारड नव्हती, आणि ते जास्त अवघड होतं. अव्वा, म्हणजे मल्लिनाथची आई, भिंतीशी ताठ बसून होती. त्याचा फोटो मांडून ठेवला होता, पण तिनं त्याला हार घालू दिला नव्हता. काका मला जिन्यातच म्हणाले, "अंगच न्हाय, तर विधी कशाचा करायचा? आमचे स्वामी म्हणत्यात, बिरू येऊ दे, त्याला विचारू, मग ठरवू. वैनी तर धड जेवतबी न्हाईत. म्हणत्यात, बिरू काय सांगतोय ते ऐकल्याबिगर मी कायबी मानणार न्हाय." म्हणजे घरचे सगळे माझ्यासाठी थांबलेले, आणि मी पेपरातलं वाक्य पाठ करून आलेलो.

मी त्याची सॅक कोपऱ्यात ठेवली, अव्वाच्या पायाला हात लावला. तिनं माझी बोटं हातात घेऊन बघितली, फुंकर घातली. मग म्हणाली, "बिरप्पा, एकच सांग. आडवा पडला हुता, का बसला हुता?"

मला आधी कळलंच नाही. मग एकदम मल्लिनाथच्या वडलांची माती आठवली. कॉलेजात होतो तेव्हा मी. माझ्या गावाकडं मेलेल्या माणसाला तिरडीवर आडवं बांधून नेताना बघितलेलं, आणि इथं अप्पांना अंघोळ घालून, विभूती लावून, फुलांनी सजवलेल्या खुर्चीत बसवून नेलं. जमिनीत खोल खड्डा, त्याच्या एका अंगाला कोनाडा, आणि त्यात अप्पा मांडी घालून बसलेले. डाव्या तळहातावर त्यांचं जन्मभर गळ्यात वागवलेलं लिंग. मी गांगरलो होतो. मल्लिनाथ कानात म्हणाला होता, "आमच्यात माणसाला झोपवत न्हाईत रं, बसवत्यात. देवापुढं बसल्यागत." एवढं डोळ्यांनी बघूनही, त्या डोंगरावर, त्या रेल्वेत, मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"बसला हुता, अव्वा," मी म्हणालो. "खडकाला पाठ टेकून. आपला आपण बसला. आमी उठवत हुतो, न्हाय उठला."

"पडला न्हाय?"

"न्हाय."

काका पुढं सरकले होते. मग तिनं विचारलं, "तोंड कुणीकडं हुतं?"

"उताराकडं. आमी उतरत हुतो तिकडं." मी मनात दिशा जुळवल्या. "दक्षिणेला."

"म्हंजी घराकडं," ती म्हणाली. आणि मग जरा अडखळत, "लिंग?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. हातात होतं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण त्या बाईनं माझ्या शब्दासाठी इतके दिवस धड घास घशाखाली उतरवला नव्हता. "गळ्यात हुतं. त्या दिवशी निघायच्या आधी तंबूत पूजा केली त्यानं, बर्फ वितळवून पाणी केलं तेवढ्यासाठी. मीच खेकसलो, उशीर हुतोय म्हणून. पण हातात नव्हतं, अव्वा. हातात जाड मोजे हुते."

"तेवढ्या थंडीत हातात कसं असंल?" ती मलाच समजावल्यासारखं म्हणाली. "अंगावर हाय न्हवं? मग हाय." आणि तेव्हा ती रडली. मोठ्यानं, कन्नडमध्ये, त्याला लहानपणीच्या नावानं हाका मारत. मीही रडलो. मला वाटतं, बेस कॅम्प सोडल्यापासून पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी स्वामी आले. सगळं ऐकून म्हणाले, बसलेला आहे, लिंग अंगावर आहे, तर आपण निराळं काय करणार होतो? राहिली ती पूजा, ती करू. फोटोला हार पडला. अव्वा जेवली. त्यानंतर काही आठवड्यांनी दुकान उघडलं, आणि मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन उभा राहू लागलो. मदत अशी काही होत नाही माझी. त्याची सॅक मी माळ्यावर पोत्यांशेजारी आडवी टाकली होती, ती अव्वानं स्वतः वर जाऊन भिंतीला टेकवून ठेवली. ती कुणी हलवत नाही. मल्लिनाथ पोती मोजायला माळ्यावर जायचा तेव्हा तिथंच, त्याच भिंतीला टेकून, शेंगा खात असायचा.

परवा करमाळ्याचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. वर्षातनं एकदोनदा येणारं, त्याला काहीच माहीत नव्हतं. फोटो बघून त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आणि आपल्याकडं विचारतात तसंच विचारलं, "माती कुटं झाली?" तिथं माती नसते, नुसता खडक आणि बर्फ, हे त्याला कसं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण घसा बसला होता. अव्वा गूळ जोखत होती. तिनं वर न बघता, शेजारच्या गावी गेलेल्या मुलाबद्दल सांगावं तसं सांगितलं, "लई उंचावर. बसलाय तितं." आणि काट्याकडं बघत विचारलं, "गूळ अजून घालू का, बास?"