नातेवाईकाची सही

मला मागून गाडीने उडवलं आणि मी सगळ्यांना सांगितलं की मी पडले. खोटं बोलणं माझ्या स्वभावात नाही. माझा तर धंदाच उलटा आहे.

बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत मी प्रयोगशाळेत काम करते. आलेल्या दुधाचं फॅट मोजायचं, पाणी घातलंय का ते बघायचं. दुधातलं पाणी माझ्यापासून लपत नाही अशी माझी ख्याती आहे, आणि त्यामुळेच मला फारशा मैत्रिणी नाहीत. लग्न केलं नाही. इंदापूर रस्त्याच्या बाजूला दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे. घरापासून डेअरी सहा किलोमीटर, आणि ते अंतर मी सव्वीस वर्षं सायकलने कापते आहे. बाकी सगळे मोटारसायकलवर येतात. गेटवरचा वॉचमन मला सायकलवाल्या बाई म्हणतो. मला ते नाव आवडतं, कारण ते मी स्वतः कमावलेलं आहे.

थंडीचे दिवस होते, सकाळचे सात वाजले होते. समोरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येत होता. मागून येणाऱ्या पांढऱ्या गाडीला वाटलं, ट्रॅक्टरच्या आणि माझ्या मधून आपण निघू. ती निघाली नाही. माझं मागचं चाक तिने चेपलं आणि मी डाव्या हातावर खडीत आपटले. ट्रॅक्टर थांबला नाही. त्यावर गाणं एवढ्या जोरात लागलं होतं की त्याला पत्ताही नसेल.

गाडीतून पंचविशीचा एक तरुण उतरला. रस्ता मोकळा होता, बघायला कोणी नव्हतं, तो सरळ निघून जाऊ शकला असता.

"मावशी, लई लागलंय का? उठता येतंय का? चला, दवाखान्यात नेतो."

त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. सायकल त्याने जवळच्या बंद टपरीला टेकवून ठेवली आणि मला गाडीत बसवलं. वाटेत मीच त्याला बोलतं केलं. घर इंदापूरला. बारामतीत नवी नोकरी लागलेली, त्याचा तिसरा दिवस. गाडी मेहुण्याची. पोलिसांना सांगू नका असं तो एकदाही म्हणाला नाही.

मनगट मोडलं होतं. तारा घालाव्या लागतील असं डॉक्टर म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी कागद पुढे केला आणि विचारलं, "नातेवाईक कोण आहे?"

दवाखान्यात नातेवाईकाची सही लागते. तुम्ही शुद्धीवर असा, उजवा हात धडधाकट असो, स्वतःची सही तुम्ही झोकात करा, तरी खाली आणखी एक लागतेच. एकट्या माणसाचं हाडसुद्धा त्याशिवाय बसवत नाहीत. माझा धाकटा भाऊ गावाकडे, पणदऱ्यात असतो. त्याला चार वेळा फोन लावला. तो उसाला पाणी द्यायला गेलेला, फोन घरात वाजत होता. कोपरापर्यंत कळा जात होत्या. बाईंनी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या त्या तरुणाकडे पेन दाखवून विचारलं, "हे कोण?"

"मुलगा," तो म्हणाला आणि त्याने सही केली. खाली फोन नंबरही लिहिला.

"कसं झालं हे?"

त्याने तोंड उघडलं. त्याच्या आधी मी म्हणाले, "सायकलवरून पडले."

त्याची दया आली म्हणून बोलले, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते अर्धंच खरं आहे. मुलगा हा शब्द माझ्या नावापुढे पहिल्यांदाच कोणी लिहिला होता, आणि मला तो खोडायचा नव्हता. मला आत नेताना नर्ससमोर तो वाकला आणि म्हणाला, "आई, पाणी देऊ का?" नर्सला पटावं म्हणून म्हणाला, हे मला कळत होतं. तरी मी पाणी मागितलं. ऑपरेशनच्या आधी पाणी देत नाहीत म्हणून नर्स आम्हा दोघांवर खेकसली.

दुपारी भाऊ आला तेव्हा तो तरुण बाहेरच्या बाकड्यावर बसलेला होता. भावाने विचारलं, हा कोण? मी म्हणाले, रस्त्यावरून मला उचलून आणणारा. भावाने त्याच्यापुढे हात जोडले, त्याला खाली नेऊन चहा पाजला, पुन्हा वर आणलं आणि पुन्हा चहा मागवला. "अशी माणसं ऱ्हायली न्हाईत आता," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. दुसरा कप त्या तरुणाने अर्धाच पिऊन बाकड्याखाली ठेवला. निघताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "येतो मावशी. बघायला येईन."

मला पणदऱ्याला नेलं. टपरीजवळची सायकलही टेम्पोतून तिकडेच गेली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची रीत आहे आणि ती कोणी चुकवत नाही. जयभीम घालून बाया आत यायच्या, बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायच्या आणि विचारायच्या, "कशी पडलीस गं?" मी सांगायचे. दर खेपेला थोडी जास्त पडायचे. आधी नुसती पडले, मग चाक घसरून पडले, मग कुत्रं आडवं आलं. शेजारचे तात्या म्हणाले, "ह्या वयात सायकल कशाला पायजे? पडणारच की." माझी चूक माझ्याच तोंडून वदवून घेतल्यासारखे ते समाधानाने मान हलवत बसले. मला चीड आली, पण मी त्यांच्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवला.

एका संध्याकाळी भावाने निकाल दिला. "आक्का, आता हितंच ऱ्हायचं. तितं हाय कोण तुला? घर देऊ भाड्यानं. सायकल भंगारात घालतो." माझ्या घराची किल्ली पहिल्या दिवसापासून त्याच्या खिशात होती. तो प्रेमानेच बोलत होता, आणि प्रेमाने बोलणाऱ्याशी भांडता येत नाही. पडलेल्या बाईचं कोण ऐकतं? मी पडले नाही एवढं सांगितलं असतं तर किल्ली परत मिळाली असती. पण मग भाऊ दवाखान्यातून तो फोन नंबर शोधून काढणार, पोलिसांत जाणार, आणि त्या कागदावरचा मुलगा आरोपी होणार.

सायकल मी गावातल्या सायकलवाल्याला दाखवली. त्याने मागचं चाक फिरवलं, ते फ्रेमला अडकलं. मडगार्डवर पांढऱ्या रंगाचा ओरखडा होता. तो म्हणाला, "आक्का, पडून असं होत न्हाय. ही मागनं ठोकलीया." हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी म्हणाले, नीट होईल का तेवढं सांग. तो म्हणाला, होईल.

मधे भावजयीच्या माहेरचा साखरपुडा इंदापूरला होता. गळ्यात हात अडकवून मीही गेले. सगळ्यांना वाटलं मला करमत नाही म्हणून आले. मी मांडवाच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीत कोण आहे ते बघत राहिले. दिसला असता तर काय बोलले असते, मला माहीत नाही. त्याच्या घरी त्याची आई असेल, हे मला तिथे बसल्यावर सुचलं.

सहा आठवड्यांनी तारा काढायला दवाखान्यात गेलो. भाऊ सोबत होता. काउंटरवर त्याच बाई होत्या. त्यांनी फाईल उघडली.

"आज पुन्हा सही लागेल. मागच्या वेळी मुलाने केलीय. तो नाही आला? आठवण करून द्यायला आम्ही फोन लावत होतो, पण नंबर नऊच आकडी आहे."

थरथरत्या हातातून एक आकडा राहिला, की त्याने मुद्दाम गाळला? मला ते अजून ठरवता येत नाही.

"कुणाचा मुलगा?" भाऊ म्हणाला. "हिला मुलगा न्हाय."

बाईंनी फाईल त्याच्याकडे फिरवली. त्याने ती सावकाश वाचली आणि माझ्याकडे बघितलं. आता कुत्रं आडवं घालून भागणार नव्हतं. मी त्याला बाकड्यापाशी नेलं आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे ठोकलं त्यानंच? आन मी त्याला च्या पाजला?"

"दोनदा."

"आन तू त्याला मुलगा म्हणून सही करू दिलीस? का?"

"मला आई म्हणाला तो," मी म्हणाले.

माझ्या एकटेपणाबद्दल भाऊ सगळ्या गावाशी बोलला होता, माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्याही दिवशी बोलला नाही. त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे तू पडली न्हाईस?"

"नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही."

त्याने खिशात हात घातला, किल्ली काढली आणि माझ्या उजव्या हातात दिली. नऊ आकड्यांवरून कोणाला शोधायचं, असं काहीतरी पुटपुटत तो उठला आणि काउंटरपाशी गेला.

बाईंनी मुलगा या शब्दावर पेनाने आडवी रेघ मारली आणि वर भाऊ असं लिहिलं. रेघ एकच होती, खालचा शब्द वाचता येत होता. भाऊ सही करेपर्यंत मी तो वाचत उभी होते.