उपरण्याखाली मिळालेली नालबंदाची जागा

भरतीच्या जमादाराने मला फसवले आणि त्यात माझा धाकटा भाऊ गेला.

लढाईच्या वर्षांत मी धुळ्याच्या बैलबाजारात दलाल होतो. बाप हमाल, बाजारातली जागा मी तोंडाच्या जोरावर मिळवली होती. भाऊ तिथेच बैलांना नाल ठोकायचा. त्याने पलटणीत जायचा हट्ट धरला. मी म्हटले, जा, पण नालबंद म्हणूनच. नालबंद खेचरांच्या तळावर राहतो, गोळीसमोर नाही.

जमादार जळगावकडचा, पूर्वी आमच्याकडून बैल नेणारा. मी त्याला स्पष्ट विचारले, तुमच्याकडे नालबंद किती कमी आहेत?

"बठ्ठं कमी शे, भाऊ. नालबंद, सुतार, आचारी, सगळंच. तुना भाऊनी जागा पक्की."

"मग चारचौघांत बोला."

"बोलनू तर बठ्ठाच नालबंदी मांगतीन. हात दे."

त्याने उपरणे टाकले. आमच्यात बैलाचा भाव उपरण्याखाली बोटांनी ठरतो आणि शेवटी पंजा दाबला की सौदा फिरत नाही. त्याने पंजा दाबला. इतरांच्या आधी जागा पटकावली म्हणून मी खूश होतो.

छावणीत नालबंद आधीच भरलेले होते. कमी होते ते जखमींना उचलून आणणारे. ती माणसे सारखी मरत, म्हणून सारखी कमी पडत. भावाला त्याच कामाला लावले. त्याच्या तुकडीतला शिरपूरचा एक जण परतला, त्याने सांगितले: दुसऱ्याला उचलायला वाकला, तो उठलाच नाही. नालाची हातोडी भावाने तिथे एकदाही धरली नव्हती.

लढाई संपल्यावर जमादार पुन्हा बाजारात आला, बैल घ्यायला. मी त्याचे मनगट धरले.

"हात दिला तो भरतीचा," तो म्हणाला. "पलटणमा जे कमी, तठे माणूस जास. मना हातमा काय शे?"

मी भोवतालच्या दलालांकडे पाहिले. सगळ्यांनी तो सौदा होताना पाहिला होता. उपरण्याखाली काय ठरले ते कोणी पाहिले नव्हते. एक म्हातारा आबा म्हणाला, "सोड रे, गिऱ्हाईक शे." मी सोडला. त्याने दुसऱ्या दलालाकडून जोडी घेतली.

मी अजून त्याच बाजारात उभा राहतो. जमादार जिवंत आहे. त्याने इथे यावे, उपरणे खांद्यावरच ठेवावे आणि सगळ्यांदेखत सांगावे: नालबंद भरलेले आहेत हे पंजा दाबताना त्याला ठाऊक होते की नाही?