नाचऱ्या कवितांचे गुरुजी

दोन मास्तर भेटले की तिसऱ्याचे किस्से निघतात, ही आमच्या पेशाची रीतच! लोणावळ्याच्या आमच्या शाळेत तो तिसरा म्हणजे विठ्ठल गुरुजी. घाटात नुकतीच विजेची इंजिनं आली होती, तेव्हाची गोष्ट. गुरुजी मुलांसाठी कविता करायचे आणि त्यांत दुसरा विषय नाही: ढोल, सनई, लेझीम, फुगडी!

*

कविता तालात बसली का, हे गुरुजी स्वतः नाचून बघत. त्यांचा वर्ग माडीवर, खाली हेडमास्तर. लेझमीच्या कवितेत तिसऱ्या कडव्याला छतातून हेडमास्तरांच्या टेबलावर मातीचं ढेकूळ पडलं. ते टोपी झटकत वर आले आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, पावसाळा संपेपर्यंत तरी गद्य लिहा!"

*

पुण्याच्या एका मासिकाकडून कविता साभार परत आल्या. शेरा होता, 'ताल आहे, बोध नाही.'

गुरुजी भडकले. "फुगडी घालणाऱ्या पोरीला कसला बोध देऊ? पडू नकोस, एवढाच!"

मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "छापू नका म्हणावं. पण माझी एक तरी कविता शाळेबाहेर कुणाच्या तोंडी ऐकायला मिळावी हो!" मला फार वाईट वाटलं.

*

शाळातपासणीला दिपोटी, म्हणजे सरकारी इन्स्पेक्टर, आले. "हाताची घडी घालून, स्थिर उभं राहून कविता म्हणा."

वर्ग मुका! एकालाही शब्द आठवेना. शेवटी खंडाळ्याच्या रेल्वे गँगमनची पोर चिमी म्हणाली, "सायेब, पाय हलवलं तर येती."

"बरं, हलव."

झालं! सगळा वर्ग नाचायला लागला. दौती सांडल्या. दिपोटी ओरडले, "थांबवा, थांबवा!"

गुरुजी नम्रपणे म्हणाले, "साहेब, अजून दोनच कडवी राहिलीत!"

*

आणि हा किस्सा आषाढातला. 'पोरं शाळेत घाला' म्हणून सांगत आम्ही दोघं आंदर मावळात फिरत होतो. एका खाचरात बाया भाताची लावणी करत होत्या आणि वाकून गात होत्या:

"ढोल बोलं डुबुक डुबुक,
चिखल बोलं चुबुक चुबुक!"

गुरुजी बांधावर थबकलेच. गेल्या दिवाळीत लिहिलेली त्यांचीच कविता! फक्त त्यांच्या कवितेत चिखल नव्हता. ते न राहवून म्हणाले, "मावशी, 'घुंगरू बोले छुनुक छुनुक' असं आहे ते."

पुढची म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी चुकताय, मास्तर! घुंगरू कुटनं आणलं? आमच्या आजीपास्नं चिखुलच हाय!"

बाया खो खो हसल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर गुरुजींनी माझा हात घट्ट दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्यांनी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरून म्हणाले, "मावशी, पहिल्यापासून शिकवा."