मुंजाबाची हाक

म्हाळसाबाई आमच्या शेजारी राहायची असं म्हणणं खोटेपणाचं होईल. आम्हीच तिच्या शेजारी राहायला आलो. पडेगावला प्लॉट पडले, घरं उठली, आणि घरात सामान लागायच्या आत आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पहिली तक्रार आली ती मेंढरांच्या वासाची. डोंगराच्या पायथ्याला म्हाळसाबाई आणि मुंजाबाचं खोपट आणि मेंढरांचा कोंडवाडा आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या जन्माआधीपासून होता. वासाचा एवढा त्रास होता तर प्लॉट बघायला आलात तेव्हा नाक घरी ठेवलं होतं का, असं मी ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून ग्रुपवर मला कुणी विचारत नाही, आणि म्हाळसाबाई मात्र कळपातल्या शेळीचं दूध आणून द्यायला लागली.

अंगानं बारीक, उन्हानं रापलेली, गुडघ्यांनी बेजार अशी बाई. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. घोड्यावर संसार लादून कन्नडच्या घाटाखाली उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. तिची एकुलती मुलगी शालू अशीच वाटेत, कुणाच्या तरी कापसाच्या रानाकडेला झाली. नवरा-बायकोत कामाची वाटणी ठरलेली होती. कोकरं आणि आजारी मेंढरं हिची, डोंगरावर जाणारा कळप त्याचा. मेंढरं हिच्या हातून खायची, पण बोलावल्यावर यायची ती त्याच्याच हाकेवर.

मुंजाबा बोलायला फार कंजूष माणूस. डोक्याला सदा लाल फेटा, तोंडात "व्हय" किंवा "नाय". दिवसभराचं सगळं बोलणं तो जणू संध्याकाळच्या हाकेसाठी राखून ठेवायचा. आधी जिभेवर घोळवलेला एक लांब सूर, मग आखूड शीळ आणि शेवटी, "ये गं ये, घरला ये." ती हाक आली की मी चहा टाकायची आणि खिडकीतून बघायची. डोंगरावर विखुरलेली मेंढरं माना वर करायची आणि धूळ उडवत खाली यायची. कोंडवाड्याच्या तोंडाशी मुंजाबा प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून आत सोडायचा. पाणी, मीठ किंवा घर, यातलं काहीतरी द्यायचं असलं तरच हाक मारायची असा त्यांच्यात नेम आहे. एकदा माझी भाची आली होती, तिला दाखवायला दुपारची हाक मारा म्हटलं तर म्हाताऱ्यानं चक्क पाठ फिरवली.

गेल्या हिवाळ्यात तो डोंगरावरून घसरला आणि डोक्याला मार लागला. दवाखान्यात ऑपरेशनसाठी त्याचं डोकं भादरलं. नंतर तो नीट शुद्धीवर आलाच नाही, पण एका संध्याकाळी पडल्या पडल्या मेंढरांना हाक मारायला लागला. पुतण्या बिभीषण जवळ होता. तो शहरात रिक्षा चालवतो. त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि दोन दिवसांनी मुंजाबा गेला, तेव्हा तोच स्टेटसला ठेवला.

ज्या माणसाचं उघडं डोकं बायकोशिवाय कुणी पाहिलं नव्हतं, त्याचं भादरलेलं डोकं, नाकातली नळी आणि उघडी छाती सगळ्या नात्यागोत्यानं पाहिली. कुणी हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या, कुणी तोच व्हिडिओ पुढे ढकलला. बिभीषणानं मायेनंच केलं होतं, पण मायेलाही थोडी अक्कल लागते. म्हाळसाबाईनं त्याला शिव्या घातल्या नाहीत. व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर घ्यायला लावला, त्याच्या मोबाइलमधून पुसायला लावला आणि मग स्वतः तो कधी उघडला नाही.

दिवस-पाणी झालं. सकाळी तिनं सोडली की मेंढरं डोंगरावर जायची, पण संध्याकाळी तिच्या आवाजाला येईनात. तिला चढवत नव्हतं. बिभीषण रिक्षा सोडून यायचा आणि हातात काठी घेऊन नुसता पळायचा. एकदा कळप दौलताबादच्या रस्त्यावर उतरला आणि एक गाभण मेंढी ट्रकखाली गेली. शालू शहरात, गारखेड्याला तिसऱ्या मजल्यावर राहते. ती म्हणाली, आई, आता मेंढरं दे कुणाला आणि माझ्याकडं चल. म्हाळसाबाईला ते मरणाहून वाईट वाटत होतं. मेंढरं संध्याकाळी घरी आली तर ती इथं राहणार, नाही आली तर गारखेडा, असा सरळ हिशोब होता.

तेव्हा ती माझ्याकडे आली. त्याआधी नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे जाऊन आली होती. तो म्हणाला, पाठवा मला, काढून देतो. पाठवा म्हटल्याबरोबर ही उठून चालायला लागली.

"इशाखा," ती मला म्हणाली, "ह्यातलं तोंड नको. नुसती हाक काढून दे. पण कुणाकडं जाता कामा नये."

मी घरी बसून वकिलांसाठी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करते, त्यामुळे व्हिडिओतून आवाज वेगळा करायचं काम नेहमीचंच. ब्राउझरमध्ये एक पान उघडायचं, त्यात फाइल टाकायची, झालं. फाइल कुठं पाठवावी लागत नाही, सगळं आपल्याच लॅपटॉपमध्ये होतं. तिला सांगितलं, मावशी, गिरणीवर न नेता घरच्या जात्यावर दळल्यासारखं आहे हे, पीठ घराबाहेर जात नाही. तिचा विश्वास बसेना. तिचं तरी काय चुकलं होतं? मग पान उघडलं, तिच्यादेखत वायफायचा डबाच बंद केला आणि माझाच एक व्हिडिओ टाकून दाखवला. इंटरनेट नाही, तरी काम होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा कुठं मोबाइल हातात दिला. तो मी वायरनं लॅपटॉपला जोडला.

फाइल टाकली की त्या पानावर वर चित्र दिसतं. म्हाळसाबाईनं झटकन आपला पदर स्क्रीनच्या वरच्या भागावर धरला. खालची बटणं तेवढी मला दिसत होती. हाक कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते मी नुसत्या कानांनी ठरवलं. यंत्राची पीं पीं, लांबवर कुणीतरी खोकतंय, बिभीषण म्हणतोय, "काका, इकडं बघा." मग ती हाक. आवाज पार खोल गेला होता, पण वळण तेच. पदर तिनं तसाच धरून ठेवला होता आणि मला तिच्याकडे बघायचा धीर होईना. हाकेची वेगळी फाइल तिच्या मोबाइलवर घातली आणि माझ्याकडचं सगळं पुसलं. गेलं का, असं तिनं दोनदा विचारलं.

त्या संध्याकाळी बिभीषणाच्या रिक्षातला गाण्यांचा स्पीकर कोंडवाड्याच्या तोंडाशी ठेवला. हाक खोटी पडू नये म्हणून म्हाळसाबाईनं आत मका पसरून ठेवला होता. हाक सुटली आणि डोंगरावर सगळ्या माना एकदम वर झाल्या. मी आजवर पाहिली नव्हती इतक्या जोरात मेंढरं पळत आली. सगळ्यात पुढे तांबडी, मुंजाबाच्या जिवाची मेंढी. ती स्पीकरपाशी थांबली, त्याला हुंगलं, भोवती फिरली आणि मग पाऊलवाटेकडे तोंड करून उभी राहिली. बाकीची तिच्यामागं. आत मका होता, पण एकही आत जाईना. पाठीवर हात ठेवणारा माणूस अजून यायचा होता. बिभीषण खूष होऊन म्हणाला, आली की सगळी. म्हाळसाबाई दगडावर बसून हुंदके देऊन रडली.

रोज तसंच व्हायला लागलं. यायची, आणि अंधार पडेपर्यंत वाटेकडे बघत ओरडायची. ओढून आत घालावं लागायचं. तांबडीनं खाणं कमी केलं, तिच्या कोकराला दूध पुरेना. हाकेवर मेंढरं घरी येत होती, पण त्यांना घर आल्यासारखं वाटत नव्हतं, आणि ते सगळ्यांत आधी म्हाळसाबाईलाच कळलं. शेवटी तीच शालूला म्हणाली, गिऱ्हाईक बघ, पण खाटीक नको.

कन्नडकडचा गोकुळ नावाचा मेंढपाळ पिकअप घेऊन आला. चांगला माणूस होता. पण मेंढरं गाडीत चढेनात. एक धरली की चार सुटायची. गोकुळ घामाघूम झाला, ऊन चढलं. बिभीषण म्हणाला, काकू, हाक लावा. ती नको म्हणाली. जरा वेळानं त्यानं परत म्हटलं. एका कोकराचा पाय फळीत अडकला आणि ते केकाटलं, तेव्हा म्हाळसाबाई उठली, स्पीकर स्वतःच्या हातानं गाडीत नेऊन ठेवला आणि हाक लावली.

तांबडी पहिली चढली, मागोमाग सगळी. आत चढून ती एकमेकींना ढकलत त्याला शोधत होती. गाडीच्या मागचा फाळका लागला. गोकुळ म्हणाला, "मावशी, ती हाक मला पाठवा की. तिकडं कामी येईल."

"नाय," ती म्हणाली. "तू तुझी हाक लाव त्यांना."

गाडी गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि माझ्याकडे न बघता बोलली. "मालकानं जिंदगीत खोटी हाक मारली नाय. मी मारली, त्यांच्या तोंडानं."

मी काहीबाही समजूत घातली. चांगल्या घरी गेलीत, दुसरा इलाज नव्हता, असलं. माझ्याच कानाला ते पोकळ लागत होतं.

गारखेड्याला जायच्या दिवशी दुपारी ती मोबाइल घेऊन आली आणि हाक पुसून टाक म्हणाली. मी भांडले. अहो मावशी, मुंजाबाचा आवाज म्हणून जगात तेवढाच उरलाय. ती म्हणाली, ऐकलं की मला गाडीचा फाळका दिसतो, ठेवून काय करू? पुसली. मग तिनं तो व्हिडिओ पुढे केला.

"ह्यातली पण हाक काढून टाक. तोंड राहू दे."

तेच पान उघडलं. तिनं सांगायच्या आत वायफाय बंद केलं. आवाज काढून नुसतं चित्र ठेवलं, ते तिच्या मोबाइलवर घातलं, जुनं पुसलं. या वेळी तिनं पदर धरला नाही. मोबाइल मांडीवर घेऊन तिनं पहिल्यांदाच तो व्हिडिओ पाहिला. भादरलेलं डोकं, नळी, आणि हलणारे ओठ. तिनं अंगठा त्याच्या डोक्यावरून फिरवला, तशी काचेवर चित्र थांबलं. मी परत सुरू करून दिलं.

"घरला ये म्हणू राह्यलेत," ती म्हणाली.

बाहेर बिभीषणाची रिक्षा उभी होती आणि तिचं गाठोडं मागच्या सीटवर ठेवून झालं होतं.