कमळाबाईंच्या मांडीचा फोटो

नांदेडला रेल्वे दोन तास उशिरा पोचली आणि माझं डोकं तिथेच फिरलं. आमच्या स्नायूविकारांच्या अभ्यासासाठी लातूरच्या एमआरआय केंद्रात दुपारी चारची वेळ मिळाली होती. ती हुकली की पुढची थेट दीड महिन्यांनी.

त्यात लोह्याजवळ जीप पंक्चर. चालक म्हणाला, "व्हतंय मॅडम, बसा की निवांत." निवांत कसली बसते! पिवळ्या पडलेल्या सोयाबीनच्या कडेने मी येरझाऱ्या घालत राहिले.

चाकूरला कमळाबाई आणि त्यांचे यजमान महालिंगप्पा फाट्यावर उभेच होते. कमळाबाई चाळिशीच्या. दोन वर्षांपासून मांड्यांतली ताकद जात चाललेली. खाली बसल्या की आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रेटत उठायच्या. फोटोत स्नायूंना सूज दिसली तर औषध होतं. स्नायू जाऊन नुसती चरबी उरली असेल, तर काहीच नव्हतं. दोघांनाही हे ठाऊक होतं. तरी जीपमध्ये त्यांनी मलाच धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापून भाजलेले) दिले. "खा बाई, लई वाळून राहिल्या तुम्ही." मी घड्याळ बघत धपाटं हातातच धरून बसले.

पावणेचारला लातूर. ‘दागिने काढून या’ असं मी कागदावर कळवलं होतं. मंगळसूत्र, जोडवी, सगळं त्या घरी ठेवून आल्या होत्या. तंत्रज्ञाने धातू तपासायचं यंत्र फिरवलं आणि ते छातीपाशी किंचाळलं. गळ्यात चांदीची डबी, आत इष्टलिंग, लिंगायत लोक जन्मभर अंगावर बाळगतात ते.

"ते काढावं लागेल."

"न्हाई."

"अहो, कागदावर लिहिलं होतं ना!" मी ओरडलेच.

"दागिने लिव्हलते. ह्यो दागिना हाय का? लिंग अंगावरनं उतरत न्हाई, बाई. मेल्यावर बी न्हाई."

आणि त्या मांड्यांवर हात रेटत निघायला उठल्या. चार वाजून गेले होते, पुढचा रुग्ण दारात होता. मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. शेवटी मी महालिंगप्पांना विचारलं, "डबी घासायला काढता तेव्हा लिंग कुठे असतं?"

"कापडात गुंडाळून गळ्यातच की!"

अरे देवा! त्यांनी आपला धुतलेला पांढरा रुमाल दिला. कमळाबाईंनी भिंतीकडे तोंड करून लिंग त्यात गळ्याशी बांधलं आणि रिकामी डबी नवऱ्याच्या हाती दिली. यंत्र पुन्हा फिरलं. गप्प राहिलं.

अर्धा तास आम्ही दोघं बाहेर उभे होतो. मग तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा फोटो दाखवला. "सूज आहे. चरबी थोडीच." महालिंगप्पा ढसाढसा रडले.

"मंग उठता येईल का?" कमळाबाईंनी विचारलं.

"औषध सुरू झाल्यावर कळेल. पण आशा आहे," मी म्हणाले.

चाकूरला उतरताना त्यांनी माझा हात धरला. "पुढच्या बाईला आधी सांगा. न्हाईतर ती माझ्यावानी भांडणार न्हाई, गुमान उठून घरला जाईल."

परतीच्या रेल्वेत मी तो कागद काढला. ‘दागिने काढून या’च्या खाली लिहिलं: ‘गळ्यात लिंग असेल तर कापडात बांधून या. काढायचं नाही.’ आणि मग मला आठवलं, गेल्या वर्षी दोन बायका तपासणी न करताच निघून गेल्या होत्या. मी त्यांच्या नावापुढे ‘तयार नाहीत’ असं लिहून मोकळी झाले होते.