धोंड्याचं जेवण आणि उरलेलं पोट

वजन उतरवायच्या ऑपरेशनात डॉक्टरांनी माझ्या जठराचा मोठा तुकडा काढून टाकला. पण घनसावंगीला, माझ्या सासुरवाडीत, बायकोनं एवढंच कळवलं होतं, "ह्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं." खाऊन खाऊन जाड झालेला जावई हा काय फोनवर सांगायचा विषय आहे का, असं तिचं म्हणणं. माझंही तेच. तिकडं सगळ्यांनी आपापल्या सोयीनं अपेंडिक्स समजून घेतलं.

अशात धोंड्याचा महिना आला. अधिकात जावयाला घरी बोलवून पुरण भरलेले, वाफवलेले धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची रीत. लग्नापासून मी या महिन्यावर डोळा ठेवून असतो. जालन्याहून निघताना बायकोनं बजावलं, "एकच घ्यायचा. चावून चावून. मधी पाणी न्हाई." मी मान डोलावली. खरं तर मला भूक नव्हतीच. ऑपरेशननंतर ती पहिल्यासारखी लागत नाही; फक्त जेवायची वेळ झाली की हात आपोआप भाकरीच्या टोपल्याकडं जातो. त्या हाताचं ऑपरेशन करायचं राहून गेलं.

सासूबाईंनी दारातच मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं माय, किती वाळले जावईबापू! तू खायला घालती का न्हाई ह्यांना?"

बायको पिशवी घेऊन आत सटकली. ज्या गोष्टीची जालन्यात शेजारी तारीफ करतात, ती इथं बिचारीच्या अंगावर आली.

पाटावर बसलो. ताटात वाफाळते धोंडे, वर तुपाची धार. पहिला निगुतीनं संपवला. पोटानं बराबर सांगितलं, बस. ते आता लगेच सांगतं, छातीखाली कुणी दगड ठेवावा तसं. तेवढ्यात मेहुणा म्हणाला, "दाजी, लाजून राह्यले का? मागच्या धोंड्याला तर आमच्या वाट्याचे बी संपवल्ते तुम्ही!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि सासूबाईंनी वाढलेला दुसरा धोंडा हसता हसता उचलला. का, ते मला अजून सांगता येत नाही. मेहुण्यानं डिवचलं म्हणून? तुपाचा वास आला म्हणून? की सासूबाई घामाघूम होऊन समोर उभ्या होत्या म्हणून?

अर्धाच गेला असेल. दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, आणि मी खरकट्या हातानंच न्हाणीकडं पळालो. जे खाल्लं ते सगळं तिथं परत केलं.

बाहेर आलो तर दारात सासूबाई, हातात पाण्याचा तांब्या. तोंड एवढंसं झालेलं. "पुरण आंबलं होतं का हो?"

पहाटेपासून राबलेल्या बाईला वाटत होतं, आपल्याच हातून जावयाला काहीतरी बाधलं. आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे चांगलं पोट कापून घेतलं? जेवण जाऊ न्हाई म्हणून?"

"कमी जावं म्हणून."

"मंग दुसरा कशाला घेतला?"

"तुम्ही वाढला म्हणून."

"अन् मी वाढला, तुम्हाला भूक आसंल म्हणून!"

अन् तांब्या माझ्या हातात देऊन त्या चुलीकडं वळल्या.

संध्याकाळी निघायच्या वेळी त्यांना राहवलं नाही. देवाच्या नैवेद्याच्या वाटीत धोंड्याचा एक चतकोर घेऊन आल्या. पण या वेळी वाटी हातातच धरून ठेवली. "खरं सांगा, भूक हाय का?"

सासुरवाडीत हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटून पोटाकडं लक्ष दिलं. आत काहीच ऐकू येईना. डोळे उघडले तर हात वाटीच्या दिशेनं निघालेला.

"कळंना बिलकुल," मी म्हणालो.

"मंग कळलं की सांगा," त्या म्हणाल्या, आणि वाटी मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसल्या. बायको पिशवी घेऊन दारात उभी. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राह्यला होता.